फोडणीचा थर, बोअरचं पाणी आणि देवघराची काजळी
वाचकांचे प्रश्न, रंगारीकाकांची उत्तरं

श्रावण निम्मा सरला की माझ्या नावाची पत्रं वाढतात. आपल्याकडं महालक्ष्म्या बसायच्या आधी घर कोपऱ्याकोपऱ्यातून निघतं, आणि त्या आवराआवरीत भिंतींवर जे प्रयोग होतात त्यांचे पंचनामे माझ्याकडं येतात. बेचाळीस वर्षं लातुरात रंगाचं काम केलं, गुडघे गेले म्हणून घोडी सोडली. यंदाच्या पत्रांत 'डाग कसा काढू' असं विचारणारे थोडे आणि 'डाग काढला, पण आता हे काय झालं' असं विचारणारे जास्त. म्हणून आधी एक काम सांगतो, ते केल्याशिवाय पुढचं वाचू नका.

कपाटाच्या मागं, दिसणार नाही अशा जागी, बोट ओलं करून भिंतीवर घासा. बोटाला पीठ लागलं तर तुमच्याकडं चुना आहे किंवा साधं डिस्टेंपर, म्हणजे पाण्यात कालवायची पूड. ही भिंत धुता येत नाही. बोट स्वच्छच राहिलं तर पाण्याचा एक थेंब टेकवून बघा. थेंब लगेच आत जिरला आणि जागा काळपट झाली तर बहुतेक ऑइल बाउंड डिस्टेंपर; ती भिंत पिळलेल्या फडक्यानं, हलक्या हातानं पुसता येते. थेंब तसाच मण्यासारखा राहिला तर प्लास्टिक पेंट किंवा ऑइल पेंट. ह्या दोन्हीतला फरक उदगीरच्या उत्तरात येईल.

काका, आमच्या स्वयंपाकघराला तीन वर्षांपूर्वी फिकट पिवळा प्लास्टिक पेंट दिलाय. गॅसच्या मागं फरशी आहे, पण तिच्या वरची भिंत चिकट, तपकिरी झाली होती. धुण्याचा सोडा गरम पाण्यात टाकून तारेच्या घासणीनं घासली. चिकटपणा गेला, पण तिथं पांढुरके चट्टे पडलेत आणि हात लावला की खडूसारखं लागतं. (सेलूहून एक ताई)

ताई, तेलाबरोबर रंगही गेला. पांढुरकं दिसतंय ती खालची पुट्टी. रागावत नाही, कारण हेच मी स्वतः केलेलं आहे.

१९८८ ची गोष्ट. अंबाजोगाईत एका वाड्याच्या स्वयंपाकघरात भिंतीला खाली कमरेएवढा हिरव्या ऑइल पेंटचा पट्टा होता, त्यावर चुलीच्या वेळेपासूनचा थर. मी बादलीत सोडा घेतला मूठ-दोन मूठ, अंदाजानं, आणि भिंतीला फासून जेवायला बसलो. परत येऊन फडकं फिरवलं तर हिरवी साय हातात आली, दुधावर येते तशी. ऑइल पेंट तेलाचाच असतो, आणि तेल अधिक सोडा म्हणजे साबण, हे त्या दिवशी कळलं. सगळा पट्टा माझ्या पैशानं पुन्हा मारला. तोच हिरवा मिळाला नाही, आणि मालकीणबाई पुढची दोन वर्षं भेटल्या की आधी भिंतीकडं बघायच्या, मग माझ्याकडं.

आता तो थर एवढा चिवट का होतो ते बघा. फोडणी टाकली की तेलाचे बारीक कण वाफेबरोबर वर उडतात आणि गार भिंतीवर बसतात. पहिले काही दिवस ते नुसतं तेल असतं, भांडी घासायच्या लिक्विडनं सहज निघतं. मग ते हवेतला प्राणवायू घेऊन आळत जातं आणि वार्निशासारखा पापुद्रा धरतं. ह्यात जवस सगळ्यात पुढं आणि करडईही फार मागं नाही. पूर्वी जवसाच्या तेलात रंग कालवायचे ते ह्याच गुणामुळं. करडईचं तेलही रंगाच्या कारखान्यात वापरतात, कारण ते जवसाइतकं पिवळं पडत नाही. म्हणजे परभणीकडं घरोघरी ज्या तेलात भाजी होते, ते तेल न बोलावता भिंतीला रोज एक हात देऊन जातं. तीन वर्षांचे किती हात झाले ते मोजा.

असा थर घासून काढायचा नसतो, भिजवून काढायचा असतो. लिटरभर कोमट पाण्यात अर्धा चमचा भांड्यांचं लिक्विड. आधी भिंतीवरची धूळ कोरड्या फडक्यानं काढा, नाहीतर तिचा चिखल होतो. मग जुनं सुती बनियन त्या पाण्यात बुडवून चांगलं पिळा आणि भिंतीवर पसरून दोन-तीन मिनिटं तळहातानं दाबून धरा, तापलेल्या कपाळावर पट्टी ठेवतो तसं. उचलताना खाली ओढत पुसून घ्या. बनियनला पिवळट तेलकट रंग आला की समजा मोकळं होतंय. एकाच जागी तीनदा करावं लागलं तर तीनदा करा. शेवटी साध्या पाण्यात पिळलेला दुसरा कपडा फिरवा, कारण साबण भिंतीवर राहिला तर त्यावर धूळ आणखी जोमानं बसते. तारेची घासणी कढईपुरती ठेवा.

तुमच्या भिंतीचं सांगायचं तर ती पूर्ण वाळू द्या, दोन दिवस. १८० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवा, चट्ट्यांवर प्रायमर लावा आणि रंगाचे दोन हात द्या. पण फक्त चट्ट्यांवर नको. तीन वर्षांत जुना रंग उतरलेला असतो, नवा त्यावर ठिगळासारखा दिसतो. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ती एक भिंत पूर्ण मारा. दुकानात मॅट देतील ते घेऊ नका, थोडी चमक असलेला मागा. मॅट रंग दिसायला भारी, पण घासला की तेवढीच जागा चकाकते आणि तो चकाकता डाग मूळ डागापेक्षा वाईट दिसतो. नवा रंग महिनाभर पुसायचा नाही. हाताला तासाभरात वाळलेला लागला तरी आतून पक्का व्हायला त्याला तीन-चार आठवडे लागतात.

हॉलची एक भिंत गडद मोरपंखी आहे. ओल्या फडक्यानं पुसली तर वाळल्यावर वरपासून खालपर्यंत पांढऱ्या रेघा आल्या. पुन्हा पुसलं, जास्त आल्या. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ मशीनचं बाहेर पडणारं पाणी वापरलं होतं. (लातूरहून एक भाऊ)

भाऊ, पाणी वाचवलंत हे लातूरकराला शोभलं, पण नेमकं नको ते पाणी भिंतीला लावलंत. आरओ काय करतं? बोअरच्या पाण्यातले क्षार एका बाजूला सारतं. प्यायला येतं ते हलकं, आणि नळीतून बाहेर पडतं त्यात तुमच्या वाट्याचे क्षारही जमा होतात. ते पाणी फरशीला, संडासाला घाला. भिंतीवर ते वाळलं की पाणी उडून जातं आणि क्षार जागेवर राहतात. पांढऱ्या भिंतीवर दिसत नाहीत, मोरपंखीवर रांगोळी काढल्यासारखे दिसतात. जड पाण्यात साबणाला फेसही येत नाही, मग माणूस साबण वाढवतो आणि रेघा आणखी दाट होतात.

सध्या पावसाळी दमट हवा आहे. तुमच्याकडं किंवा शेजाऱ्याकडं एसी असेल तर त्याच्या नळीखाली रात्रभर स्वच्छ बादली ठेवा. हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं ते पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. (प्यायचं मात्र नाही, मशीनमधली धूळ आणि बुरशी घेऊन येतं.) पावसाचं पाणीही चालतं, पत्र्यावरची पहिली सर सोडून द्या. अशा पाण्यात फडकं बुडवून, घट्ट पिळून त्या रेघांवरून फिरवा आणि मागोमाग कोरडं फडकं. भिंतीवर वाळायला पाणी ठेवायचंच नाही. दोनदा केलंत की जातील.

आणि ओघळ का आले? तुम्ही वरून खाली आलात. सगळे तेच करतात, डोक्याला तेच पटतं. पण वर पुसताना घाण पाण्याची धार खालच्या कोरड्या, धुळकट भिंतीवर उतरते आणि कोरडी भिंत ती लगेच पिते. ओल्या भिंतीवरून तीच धार घसरून जाते, पुसून निघते. म्हणून ओलं काम खालून वर, हात-दीड हाताचा पट्टा घेत, आणि कोरडं झाडणं मात्र वरून खाली. बादल्या दोन: एकीत साबण, दुसरीत साधं पाणी. एकाच बादलीत फडकं बुचकळत राहिलात तर पाचव्या मिनिटापासून तुम्ही मळच लावत असता.

पाणी नसेल तर? २०१६ साली आपल्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी लागली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात 'भिंती धुऊन द्या' असं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती आणि मीही एक भिंत धुतली नाही. झाडूला जुना पंचा गुंडाळून, सुतळीनं बांधून, छतापासून खालपर्यंत कोरडं काम केलं. पंचा दर दोन भिंतींनी झटकायचा. बटणांच्या भोवतीचे हाताचे डाग तेवढे वाटीभर पाण्यात पुसायचे, मेन स्विच बंद करून आणि फडकं बोर्डाच्या फटीपासून लांब ठेवून. लोकांना वाटलं धुतल्यात. मराठवाड्याची धूळ ही नव्वद टक्के कोरडीच असते हो, तिला पाणी लावून चिकटवतो आपण. (नव्वद हा माझा डोळ्याचा अंदाज आहे, कुणी मोजायला गेलेलं नाही.)

नातवानं बॉलपेननं भिंतीवर अख्खी आगगाडी काढलीय. सॅनिटायझरनं जाते असं शेजारीण म्हणते. (उदगीरहून एक आजी)

जाते, आणि रंगही नेते. सॅनिटायझरमधल्या स्पिरिटनं प्लास्टिक पेंट मऊ पडतो, ऑइल पेंटला मात्र सहसा काही होत नाही. दोन्ही ओळखायची खूण हीच: कपाटामागं कापसाचा बोळा सॅनिटायझरमध्ये बुडवून घासा, कापसाला भिंतीचा रंग लागला तर प्लास्टिक. ऑइल पेंट असेल तर खुशाल पुसा. प्लास्टिक असेल तर बोळा जेमतेम ओला करून रेघेवर टिपत चला, घासू नका, आणि दर टिपणीला बोळ्याची बाजू बदला. फिकट आगगाडी उरेल, तिथं थांबा. पेन्सिल असती तर खोडरबर पुरलं असतं. मेणखडू असेल तर हेअर ड्रायरनं मेण मऊ करून कापडावर टिपून घ्यायचं. पक्क्या मार्करच्या मागं लागू नका. त्यावर नुसता रंग मारला तरी शाई पंधरा दिवसांनी वर येते, आधी ऑइल प्रायमर द्यावा लागतो.

आणि आजी, डबे मोजून एक फोटो काढून ठेवा.

देवघर कोनाड्यात आहे. वर आणि बाजूला निरांजन-उदबत्तीची काजळी धरलीय. भिंतीला साधं डिस्टेंपर आहे. ओलं फडकं लावलं तर काळं पसरलं, आता हातभर जागा राखाडी झालीय. (धाराशिवहून एक वहिनी)

वहिनी, काजळीला पहिला हात कोरडाच लावायचा. ती इतकी बारीक असते की पाणी लागलं की डिस्टेंपरच्या छिद्रात जाऊन बसते. पसरलं ते आता निघणार नाही, तेवढ्यावर रंग द्यावा लागेल. पण वरची, तुम्ही अजून न शिवलेली जागा वाचवता येते, आणि त्याला लागणारी वस्तू तुमच्या घरातच आहे. कणीक.

पुरीला मळतो त्याहून घट्ट, नुसत्या पाण्यात. तेलाचा हात अजिबात लावायचा नाही, नाहीतर काजळीच्या जागी तेलाचा डाग. मुठीएवढा गोळा अर्धा तास झाकून ठेवा. मग बोटाला चिकटत नाही ना ते बघा. चिकटला तर कोरडं पीठ घालून पुन्हा मळा. आता तो भिंतीवर दाबायचा आणि उचलायचा, दाबायचा आणि उचलायचा. फिरवायचा नाही, ओढायचा नाही. पहिल्या दाबालाच गोळ्यावर काळा ठसा उमटतो, उंबराएवढा. तो भाग आत दुमडा, स्वच्छ बाजू बाहेर आणा, पुढं चला. कोनाड्याच्या कडेला लांबट वळी करून दाबा. गोळा सगळा राखाडी झाला की टाकून दुसरा घ्या. एका देवघराला तीन-चार गोळे जातात. झाल्यावर कोरड्या मऊ ब्रशनं पिठाचे कण झाडून टाका, मुंग्या येतात.

हे मला एका म्हाताऱ्या गवंड्यानं शिकवलं आणि बरीच वर्षं मला वाटायचं ही आपलीच गावठी युक्ती. मग मुलीनं सांगितलं की अमेरिकेत वॉलपेपरवरची कोळशाची काजळी काढायला असाच पिठाचा गोळा विकत मिळायचा, आणि पुढं १९५६ मध्ये तोच रंगीत करून मुलांना खेळायला दिला. प्ले-डो म्हणतात तो. नातीकडं आहे, मी दाबून बघितला, आपल्या कणकेपेक्षा मऊ आहे.

तूप-तेलाचा थेट डाग पडला असेल तर तिथं कणीक चालत नाही. त्यावर खडूची पूड दाबून रात्रभर ठेवा, सकाळी झाडा. दिवाणाच्या मागं डोक्याच्या तेलाचे गोल डाग पडतात त्यांनाही हेच औषध. जुना डाग पूर्ण जात नाही हे आधीच सांगतो. आणि निरांजनाची वात थोडी आखूड ठेवा, काजळी निम्मी होईल.

भिंतीच्या खालच्या दोन फुटांत पांढरं पीठ सुटतं, रंगाचे पोपडे पडतात. दर महिन्याला ओल्या कपड्यानं पुसते, दर महिन्याला परत येतं. बाहेरून त्याच भिंतीला कूलर आहे. (परतूरहून एक ताई)

हा लोणा आहे, मळ नव्हे. भिंतीच्या आतल्या ओलीत विरघळलेले क्षार बाहेर येऊन सुकतात. तुम्ही ओल्या कपड्यानं पुसता तेव्हा ते पुन्हा विरघळून आत जातात आणि पाणी सुकलं की परत बाहेर. तुम्ही महिन्याला त्यांना ने-आण करवताय. कोरड्या ब्रशनं झाडा, खाली वर्तमानपत्र पसरून, आणि ते पीठ घराबाहेर टाका. पण आधी कूलर हलवा. त्याचं पाणी सांडून भिंतीच्या पायात मुरत असणार, आणि टाकीत बोअरचंच पाणी, म्हणजे क्षार रोजचे ताजे. कूलर गेल्यावरही भिंत सुकायला एक उन्हाळा लागू शकतो. तोवर रंग, पुट्टी काही लावू नका, कितीही 'वॉटरप्रूफ' म्हणून विकत असले तरी. आतली ओल तो थर फोडून निघते, पोपडे आणखी मोठे.

काळे-हिरवे ठिपके असतील तर ती बुरशी. लिटरभर पाण्यात चार मोठे चमचे ब्लीच, खिडक्या उघड्या, हातमोजे, आणि रंग उडतो का ते आधी कोपऱ्यात बघून. ब्लीचमध्ये व्हिनेगर, संडास साफ करायचं ॲसिड किंवा अमोनिया असलेला क्लिनर, ह्यांतलं काही चुकूनही मिसळू नका. विषारी वायू होतो. जालन्यात एका बंद न्हाणीघरात माझ्या हाताखालच्या पोरानं ॲसिड मिसळलं होतं, त्याला ओढून बाहेर काढावं लागलं.

जुन्या घराच्या दारांना आणि खालच्या पट्ट्याला तीस-चाळीस वर्षांचा ऑइल पेंट आहे. पुसून तकाकी येत नाही. पॉलिश पेपरनं घासून काढावा म्हणतो. घरात दीड वर्षाचं बाळ आहे. (पैठणहून एक दादा)

कोरडं घासू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, पिवळ्या-हिरव्या-लालमध्ये जास्त करून. आपल्याकडं घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग, अशी सक्ती १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. तुमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. ती धूळ बाळाच्या हातातून तोंडात जाते आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं. रंग घट्ट बसलेला असेल तर काढूच नका. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा, पाण्यात भिजवून वापरायचा पेपर ओलाच ठेवून वरवर फिरवा, निघालेली राड ओल्या फडक्यानं टिपून फडकं फेकून द्या, आणि त्यावरच नवा हात मारा. बाळ आणि त्याची आई ते दोन-तीन दिवस माहेरी.

सासूबाई दर दसऱ्याला चुनाच लावतात. मालक म्हणतात एकदाच प्लास्टिक पेंट मारू, मग नुसतं पुसत जाऊ. घर मातीच्या भिंतीचं, माळवदाचं आहे. (माजलगाव तालुक्यातून एक सूनबाई)

सूनबाई, ह्या वेळी सासूबाईंची बाजू घेतो. चुन्यावर प्लास्टिक पेंट टिकत नाही, खालचा चुना भुसभुशीत असतो आणि वरचा रंग त्याला घेऊन चादरीसारखा सुटतो. शिवाय मातीची भिंत पाणी पिते आणि सोडते. चुना ते होऊ देतो, प्लास्टिकचा थर अडवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात माणसं दगडमातीच्या घरांना भ्यायली ते बरोबरच होतं, पण सिमेंटच्या घराचे नियम उरलेल्या माळवदांनाही लागू झाले, तिथं घोटाळा झाला. चुन्याची भिंत पुसत नाहीत, तिला नवा हात देतात. तोच तिचा साबण.

लावताना मात्र एवढं करा. कळीचा चुना आदल्या रात्री लोखंडी बादलीत विरवा, प्लास्टिकची नको, उकळी फुटते. सकाळी जुन्या धोतरातून गाळा, मूठभर मीठ, थोडा भिजवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ घाला. भिंत आधी झाडून मग पाण्यानं शिंपडा. दुधाएवढा पातळ चुना, तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. ओला असताना भिंत दिसतच नाही, पांढरेपणा वाळल्यावर चढतो, म्हणून घाईनं दाट करू नका. हाताला खोबरेल, डोळ्याला चष्मा, आणि कळी विरत असताना बादलीवर वाकून कुणी बघायचं नाही, तुमचे मालक तर अजिबात नाही. त्यांना केकताडाचा कुंचा देऊन घोडीवर चढवा.